लांब आवाज, आखूड आवाज

ऑफिसात तीन कॉम्प्युटर आले, हे कमल सपकाळेला आधी कळलं ते वासावरून. एरवी त्या हॉलमध्ये बियाण्याला चोळायच्या औषधाचा उग्र दर्प भरलेला असायचा. त्या सकाळी त्याच्यावर नव्या प्लास्टिकचा आणि थर्माकोलचा वास चढला होता. मग खोकी ओढल्याचे आवाज आले, हिशेबनीस देवचंदचं "अरे सांभाळून, सांभाळून" सुरू झालं, आणि कमलने टाइपरायटरवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

तो १९९१ सालच्या श्रावणातला एक साधा मंगळवार होता. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतली 'सातपुडा सीड्स' ही रुपचंदशेठ कोठारींची कंपनी कपाशीचं आणि ज्वारीचं बियाणं विकायची. डीलर गुजरातेत, मध्य प्रदेशात, पार आंध्रापर्यंत पसरलेले, म्हणून पत्रव्यवहार सगळा इंग्रजीतून चाले. ही पत्रं गेली बारा वर्षं कमल टाइप करत आली होती. शेठ कॅसेटवर पत्र बोलून ठेवायचे, ती टेप ऐकायची, थांबवायची, टाइप करायची. मिनिटाला साठ शब्द. पाच वर्षांची असताना देवीच्या आजारात तिचे दोन्ही डोळे गेले होते आणि टायपिंग ती नाशिकला अंध मुलींच्या शाळेत शिकली होती. नवा डीलर पहिल्यांदा ऑफिसात आला, की त्याला हे सांगितल्याशिवाय कळत नसे.

दुपारी शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"कमलबाई, बसा. दसऱ्यापासून सगळी पत्रं कॉम्प्युटरवर करायची ठरवलंय. टाइपरायटर काढून टाकणार. तुम्ही मात्र मनाला लावून घेऊ नका. तुम्ही घरच्यासारख्या. पगार आहे तो राहील. पाकिटांना लेबलं लावायचं काम आहे, ते करा. नाही तर नुसत्या बसा, कुणी काही म्हणणार नाही."

शेठ अगदी मनापासून बोलत होते, आणि तेच तिला जास्त लागलं.

"शेठ, मी ते यंत्र शिकले तर?"

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग शेठ हळूच म्हणाले, "त्यात सगळं पडद्यावर बघावं लागतं हो."

"ते ऐकलंय मी. पण शिकले तर?"

"बघा दसऱ्यापर्यंत," शेठ म्हणाले. नाही म्हणायचं जिवावर आलेला माणूस बोलतो तसं.

संध्याकाळी ऑफिसातली कारकून लताबाई चौधरी हिचा हात धरून ती पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटातून घरी आली. लताबाई तिच्याच गल्लीत राहायची आणि गेली बारा वर्षं दोघींची जाण्यायेण्याची जोडी होती. घरी कमलची आई भिकुबाईने कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. भिकुबाईचं माहेर धुळ्याकडचं, साक्रीजवळचं. पंचेचाळीस वर्षं भुसावळ-जळगावात काढूनही तिची अहिराणी बोली बदलली नव्हती.

"आज मुकी मुकी काब्र शे वं? बठ्ठं ताट तसंच शे."

कमलने सांगितलं. भिकुबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग त्या मशीनले इचार ना, तुले काय काय येस म्हणीसन."

कमलला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी तिने खरोखर तेच केलं.

कॉम्प्युटर बसवायला अभिमन निकम नावाचा माणूस येत होता. चाळिशीचा, मूळचा धुळ्याचा. पूर्वी तो रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचा क्लास करून त्याने नवी पेठेत एक छोटंसं दुकान टाकलं होतं. त्याच्या अंगाला डागायच्या कथलाचा आणि सुगंधी सुपारीचा वास यायचा, त्यामुळे तो हॉलमध्ये कुठे आहे हे कमलला नेहमी माहीत असे.

"अभिमनभाऊ, जरा हे यंत्र मला दाखवता?"

तो अवघडला. मग त्याने तिचे हात धरून एकेक वस्तू दाखवली. हा पडदा, ही पेटी, हा कीबोर्ड. कीबोर्डवर बोटं ठेवताच कमल दचकली. अक्षरं जिथल्या तिथे होती. अगदी तिच्या टाइपरायटरसारखी.

"मग अडचण कुठे आहे?"

"अडचण अशी, ताई, की टाइपरायटरवर मारलेलं कागदावर उमटतं. इथे ते पडद्यावर राहतं. मागे जायचं, पुढे जायचं, खोडायचं, मध्ये घालायचं, सगळं डोळ्यांनी. हे यंत्र बोलत नाही. परदेशात बोलणारी असतात म्हणे, पण ती आपल्याकडे कुठून येणार?"

असं म्हणत त्याने पेटीचं बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं, आणि थोड्या वेळाने एकदाच आवाज आला. टुक.

"हे काय वाजलं?"

"काही नाही. आत एक बारका स्पीकर असतो. यंत्र ठीक आहे म्हणून सांगतं."

"हा आवाज लांब करता येतो?"

"येतो की. प्रोग्राम लिहून पाहिजे तेवढा."

"आणि आखूड?"

"आखूडही येतो. का हो?"

कमलने पुढे होऊन त्या पेटीवर तळहात ठेवला. तिचे वडील, पुनाजी सपकाळे, भुसावळ स्टेशनात तारबाबू होते. तारेवरून येणारं कडकट्ट कानाने ऐकून कागदावर उतरवायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. डोळे गेल्यावर लहानगी कमल दिवसभर क्वार्टरच्या ओट्यावर बसून राहायची, तेव्हा त्यांनी तिला तारेची अक्षरं शिकवली. तिचा तळहात हातात घेऊन बोटाने आखूड दाबायचं, लांब दाबायचं. आखूड आणि लांब म्हणजे ए. लांब आणि तीन आखूड म्हणजे बी. पुढे गर्दीत, पाहुण्यांत, दवाखान्याच्या रांगेत बापलेक असेच बोलायचे आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. पुनाजी जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या भाषेत तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.

हे सगळं तिने अभिमनला सांगितलं. त्याने सुपारी गालात सरकवली.

"म्हणजे पडद्यावरचं अक्षर यंत्राने तारेच्या भाषेत वाजवायचं."

"हो."

"जमेल. पण ती अक्षरं मला येत नाहीत."

"मला येतात," कमल म्हणाली.

मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत दोघांचं काम चाललं. कमल सांगायची आणि अभिमन टाइप करायचा. सव्वीस अक्षरं, दहा आकडे, पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह. कंसाच्या खुणेपाशी ती अडली. डोळे नाहीत, तरी सवयीने मान वर करून तिने बोटं हवेत हलवली, आणि वडिलांच्या बोटाचा दाब आठवून बरोबर सांगितलं. आवाज किती लांबीचा हवा, दोन अक्षरांत किती थांबायचं, दोन शब्दांत किती, तेही तीच ठरवत होती. अभिमन घाई करायचा. "एवढा बारीक फरक कानाला कळतो का, ताई?" ती म्हणायची, "तुम्हाला 'न' आणि 'ण' कळतो ना? तसंच."

पहिल्यांदा प्रोग्राम चालला तेव्हा अभिमनने मुद्दाम तिला न सांगता काहीतरी टाइप केलं आणि एक बटण दाबलं. पेटीतून बारीक आवाज झरायला लागले. कमल मान कलती करून ऐकत राहिली, आणि खुदकन हसली.

"तुमचं नाव लिहिलंत. आणि एम दोनदा दाबलंय."

अभिमनने पडद्यावर पाहिलं. एम खरंच दोनदा होता.

पण खरी खटपट तिथून पुढे होती. कमल एकेक बटण दाबेल तसं ते अक्षर वाजवायचं, अशी अभिमनची कल्पना होती. ती वेगाने टाइप करायला लागली की आवाज मागे पडायचे. तिची ओळ संपली तरी पेटी पहिल्याच शब्दाचं गाणं गात असायची. तीन दिवस त्याने वेग वाढवून पाहिला. चौथ्या दिवशी कमलने त्याला थांबवलं.

"भाऊ, मी काय मारलं ते माझ्या बोटांना ठाऊक असतं. ते मला सांगू नका. मला शंका आली तर मी विचारीन. विचारलं तरच बोलायचं, असं करा."

अभिमनने कपाळावर हात मारला तो तिला ऐकू आला. पुढच्या दोन दिवसांत त्याने सगळं मोडून नव्याने लिहिलं. आता कीबोर्डच्या कडेच्या बटणांपैकी एक दाबलं की आत्ताचं अक्षर वाजे, दुसरं दाबलं की शब्द, तिसरं दाबलं की ओळ. चौथं दाबलं की आपण कितव्या ओळीवर आहोत त्याचा आकडा. ही बटणं चाचपडताना चुकायला नकोत, म्हणून कमलने गोदामातून ज्वारीचे दाणे मागवले आणि पहिल्या आणि चौथ्या बटणावर एकेक दाणा डिंकाने चिकटवला.

यंत्र सकाळी चालू केलं की आधी तारीख विचारायचं, मग वेळ विचारायचं, आणि हे सगळं मुकाट पडद्यावर. कमलला कळायचंच नाही की ते उत्तराची वाट बघतंय. अभिमनने एक छोटी फाइल लिहिली. यंत्र जागं झालं की पहिल्यांदा तीच वाचायचं, तारीख-वेळेची भानगड बाजूला ठेवायचं आणि थेट कमलचा प्रोग्राम उघडायचं. शिवाय काम संपून यंत्र पुढच्या हुकमासाठी मोकळं झालं की दरवेळी टुक वाजेल, अशीही सोय त्याने केली. "आता हे तुमचं यंत्र झालं, ताई. दुसरं कुणी बसलं तर घाबरून पळून जाईल."

घाबरलं कुणी नाही, वैतागले मात्र सगळे. दिवसभर ती टिवटिव ऐकून देवचंदचं डोकं उठलं. तो आकड्यांचा माणूस, बेरजेत चुकायला लागला. एक दिवस तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऑफिसात टिटवी येऊन बसलीय. बियाणं विकायचं की पक्षी पाळायचे?"

हॉलमध्ये हशा पिकला. कमलने हात कीबोर्डवरून काढून घेतले आणि त्या दिवशी पुन्हा लावले नाहीत. घरी जाताना गेटपाशी मालगाडी जाईपर्यंत ती आणि लताबाई उभ्या होत्या. लताबाई म्हणाली, "देवचंदभाऊ वाईट नाहीत गं."

"तो खोटं नाही बोलला," कमल म्हणाली. "मलासुद्धा दुसऱ्याची टिवटिव दिवसभर सहन झाली नसती."

दुसऱ्या दिवशी तिने अभिमनला ट्रान्झिस्टरचं कानात घालायचं बोंडुक आणायला सांगितलं. त्याने पेटी उघडली, स्पीकरची तार कापली, डाग दिला आणि बोंडकाची वायर बाहेर काढली. हॉल शांत झाला. देवचंद येऊन टेबलापाशी घुटमळला, काहीतरी पुटपुटला, आणि त्याच्या टिफिनमधलं शेंगदाण्याच्या लाडवाचं कागदी पुडकं तिच्या हातात ठेवून गेला.

बोंडुक कानात घालून कमलने पहिल्यांदा आख्खं पत्र वाचलं, तो दिवस भाद्रपदातला. खंडव्याच्या एका डीलरला लिहिलेलं साधंसं पत्र होतं. तिने ते टाइप केलं, पहिल्या ओळीवर गेली आणि एकेक ओळ ऐकत खाली आली. चौथ्या ओळीवर ती थांबली. बोंडुक काढून टेबलावर ठेवलं. लताबाईने पाहिलं तर तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं.

"काय झालं गं?"

"बारा वर्षं टाइप करतेय मी," कमल म्हणाली. "स्वतः लिहिलेलं आज पहिल्यांदा वाचलं."

लताबाईने खुर्ची ओढली आणि शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने कमलने डोळे पुसले, बोंडुक परत कानात घातलं आणि पुढे वाचायला लागली. मग एकदम म्हणाली, "लता, गॅरंटीचं स्पेलिंग सांग बरं."

लताबाईने सांगितलं.

"मी आर नंतर ई मारलाय."

लताबाईने हातातल्या पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"मी नेहमी ईच मारते. लता?"

"अगं, मी पेनने नीट करायची," लताबाई ओशाळून म्हणाली. "रोज सही घ्यायच्या आधी. तुला कशाला सांगायचं म्हणून..."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

कमलला आधी राग आला. मग वाटलं, बियाण्याच्या कंपनीत दर पत्रात एकदा तरी गॅरंटी येते. म्हणजे या बाईने माझ्यासाठी किती वेळा पेनाचं टोपण काढलं असेल? दोघी एवढ्या हसल्या की शेठनी केबिनचं दार उघडून पाहिलं.

दसऱ्याआधी एक फजिती व्हायची ती झालीच. मोठ्या अक्षरांचं बटण कधीतरी चुकून दाबलं गेलं आणि वारंगळच्या डीलरला गेलेल्या पत्रात सगळी मोठी अक्षरं छोटी आणि छोटी मोठी झाली. डीलरने फोन करून विचारलं, शेठची तब्येत बरी आहे ना? तेव्हापासून मोठं अक्षर वाजताना आवाज जरा वरच्या पट्टीत येईल अशी दुरुस्ती झाली. एकदा पत्र संपत आलं आणि वीज गेली; सगळं पुसलं गेलं. तेव्हा दर दहा ओळींनी यंत्राने आपणहून पत्र जपून ठेवायचं, हे ठरलं. अशा प्रत्येक घोटाळ्यातून काहीतरी नवीन निघत होतं. कमलला आता त्या घोटाळ्यांची भीती वाटेनाशी झाली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठ स्वतः तिच्या टेबलापाशी आले. कॅसेट दिली. दोन पानांचं पत्र, खम्ममच्या डीलरला. कमलने टाइप केलं, ऐकलं, छापलं आणि हातात दिलं. शेठनी वाचलं.

"यात जुलै म्हटलंय ना मी, ते जून करा. आणि दुसरा परिच्छेद शेवटी टाका."

टाइपरायटर असता तर दोन्ही पानं नव्याने टाइप करावी लागली असती. शेठना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी ते मागितलं होतं. कमलने दाण्याचं बटण शोधलं. ओळ सहा, ओळ सात, ओळ आठ. जे, यू, एल, वाय. खोडलं, जून केलं. परिच्छेद उचलून खाली ठेवला. एकदा ऐकून खात्री करून घेतली आणि छापायचं बटण दाबलं. प्रिंटर किरकिरायला लागला.

शेठनी पानं घेतली. दोन्ही नीट वाचली. मग म्हणाले, "आता ती लेबलं कोण लावणार?"

"ते तुम्ही बघा," कमल म्हणाली, आणि आपण शेठशी असं बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

शेठ हसले. दोन पावलं जाऊन परत आले. "कमलबाई, त्या दिवशी मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. सांगून मोकळा झालो. चुकलंच माझं."

माघात अभिमनला नाशिकच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि त्याने दुकान आवरलं. निघायच्या आधी तो भेटायला आला तेव्हा कमलने त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "भाऊ, जाण्याआधी मला आतलं शिकवून जा."

"आतलं?"

"तुम्ही जे लिहिलंय ते. तो प्रोग्राम म्हणजे ओळीच आहेत ना? मग मी त्या वाचू शकते."

अभिमनला हे सुचलंच नव्हतं. त्याने प्रोग्राम साध्या पत्रासारखा साठवला आणि पत्र उघडतात तसा त्याच प्रोग्राममध्ये उघडला. कमल बोंडुक घालून ऐकायला लागली. प्रत्येक ओळीला आकडा होता. ओळ दहा, ओळ वीस, ओळ तीस. चार दिवस तो रोज एक तास बसला. हे काय करतं, हे इकडून तिकडे कसं उडी मारतं, आवाज कुठे ठरतो, थांबणं कुठे ठरतं. ती ब्रेलमध्ये टिपून घेत होती. शेवटच्या दिवशी त्याने तिला बजावलं, "हात लावण्याआधी फ्लॉपीवर एक कॉपी काढायची. विसरलात तर मी नाशिकहून येणार नाही."

ती विसरली नाही, म्हणून वाचली. पहिल्याच वेळी तिने एका ओळीत नको तो बदल केला आणि यंत्र गप्प झालं. बोंडकात काहीच नाही. कुठलंही बटण दाबा, नुसती शांतता. अशी शांतता तिला नवी नव्हती. त्या श्रावणातल्या केबिनमध्ये ती तिने ऐकली होती. पण यावेळी तिने यंत्र बंद केलं, फ्लॉपी घातली, पुन्हा चालू केलं. टुक. मग एकेक ओळ परत ऐकत चूक शोधून काढली. एक स्वल्पविराम राहिला होता.

चैत्रात शेठनी नवा रुंद प्रिंटर आणला आणि सगळ्या पत्रांच्या ओळी कडेच्या अलीकडेच मोडायला लागल्या. नव्या पुरवठादाराचा माणूस आला, कमलचा प्रोग्राम पाहून डोकं खाजवत म्हणाला, "हे कुणी लिहिलंय? यात मी हात घालणार नाही." तो गेल्यावर कमलने जेवणाच्या सुट्टीत ओळ चारशे दहा काढली. एका ओळीत किती अक्षरं बसवायची याचा आकडा तिथे पासष्ट होता, तो तिने ऐंशी केला. पत्र छापून पाहायला लताबाईला दिलं.

"बरोबर कडेपर्यंत आलंय गं!"

शेजारच्या टेबलावरून देवचंद खाकरला. "कमलबाई, माझ्या यंत्रावर ती टुकची सोय होईल का? काम संपलं की कळत नाही, उगाच बघत बसतो मी."

तिने त्याच दुपारी ती करून दिली. देवचंद दुसऱ्यांना सांगत सुटला. त्याच्याच एका नातेवाइकाच्या तोंडून ती गोष्ट धुळ्याला पोचली, आणि ज्येष्ठात कमलच्या नावाने एक पत्र आलं. धुळ्यात प्रौढ अंधांसाठी एक छोटं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथले शिक्षक धनसिंग राजपूत यांनी ते कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. केंद्राला कुणीतरी कॉम्प्युटर देणगी दिला होता. वर्षभर तो कापडाखाली झाकून ठेवला होता. तुम्ही येऊन पाहाल का?

रविवारी कमल आणि लताबाई एस.टी.ने धुळ्याला गेल्या. कमलच्या पिशवीत दोन फ्लॉप्या, एक बोंडुक, डागायची तार आणि कागदात बांधलेले मूठभर दाणे होते. धनसिंगसर स्वतःही अंध, आवाज खणखणीत. त्यांनी वर्गात तिची ओळख करून दिली. आठ जण होते. कमलने यंत्र चालू केलं, प्रोग्राम घातला, आणि स्पीकरवरच सगळ्यांना ऐकवलं.

"हे म्हणजे काय बोललं?" एका बाईंनी विचारलं.

"'नमस्कार' बोललं. इंग्रजी अक्षरांत."

"पण आम्हाला ही तारेची भाषा येत नाही, ताई," धनसिंगसर म्हणाले. त्यांच्या आवाजात निराशा नव्हती, पण काळजी होती. "तुम्हाला वडिलांनी शिकवली. आम्हाला कोण शिकवणार?"

कमलने या गोष्टीचा विचारच केला नव्हता. तिला स्वतःचाच राग आला. मघाशी प्रश्न विचारणाऱ्या बाईंचं नाव तिने विचारलं. भागाबाई, शिरपूरकडच्या. कमलने त्यांचा तळहात हातात घेतला आणि बोटाने एकदा आखूड दाबलं.

"हा ई. सगळ्यात सोपा."

मग एकदा लांब दाबलं. "हा टी."

दुपार होईपर्यंत आठही जणांना सहा अक्षरं येत होती. भागाबाई सगळ्यांत चपळ निघाल्या. त्यांनी शेजारच्या माणसाच्या हातावर काहीतरी दाबलं आणि तो माणूस एवढा हसला की धनसिंगसरांना वर्ग शांत करावा लागला. काय दाबलं ते दोघांनी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. खिडकीपाशी जागा मिळाली. लताबाई गाडी सुटताच पेंगायला लागली होती. कमल मात्र जागी होती. तिच्या डोक्यात एक नवा प्रोग्राम चालू झाला होता. यंत्रानेच अक्षर शिकवायचं. आधी वाजवायचं, मग विचारायचं, बरोबर आलं तर पुढचं, चुकलं तर तेच पुन्हा, पण हळू. प्रत्येकाचा वेग वेगळा, म्हणून वेग नावानिशी लक्षात ठेवायचा. ते कुठे साठवायचं?

"ताई, कुठे उतरायचं?" कंडक्टरने दुसऱ्यांदा विचारलं.

"जळगाव," ती म्हणाली. "दोन द्या." मग लताबाईला कोपराने जागं करून म्हणाली, "लता, पुढच्या रविवारीही येशील ना गं?"